दहा मिलीवॅटची हाक

"तुमच्याकडे दारावरची घंटी कोणती असते? वायरची का बिनवायरची?"

घर भाड्याने द्यायच्या आधी घरमालक नाना चौकशा करतात. नवरा काय करतो, मांसमच्छी शिजवता का, पाहुणे किती येतात. हा प्रश्न मात्र मला आजवर कुणी विचारला नव्हता.

बँकेने माझी बदली साताऱ्याहून थेट जबलपूरला केली होती. नेपियर टाउनमधल्या शाखेत रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि लॉजवरच्या जेवणाने मी हैराण झाले होते. शाखेतला शिपाई म्हणाला, "मैडम, महाराजपुर में एक मराठी अंकल हैं। ऊपर का हिस्सा खाली है। आदमी एकदम सीधे हैं, बस थोड़े…" पुढचं न बोलता त्याने कानापाशी बोट गोल फिरवलं.

ते अंकल माझ्यासमोर उभे होते. सत्तरीला टेकलेले, किडकिडीत, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि गळ्यात हेडफोन. मी म्हटलं, "मी एकटीच राहणार आहे. घंटीचं अजून काही ठरवलं नाही."

"ठरवू नका. कडी वाजवली तरी ऐकू येते. बिनवायरची घंटी लावली का माझं सगळं काम बिघडते. गाडीला रिमोटची चावी आहे?"

"स्कूटर आहे. साधी किल्ली."

"अच्छा! मग काही प्रॉब्लेम नाही." त्यांचा चेहरा उजळला आणि हेडफोन कानांवर चढवून ते आत निघून गेले. किल्ली, पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, गच्चीवर वाळत घालायच्या दोरीची वाटणी, हे सगळं त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं. सांगता सांगता चहा दिला, आपलं माहेर सागरचं असल्याचं सांगितलं, माझं आडनाव ऐकून साताऱ्यातल्या कुणा दूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचल्या आणि मी होकार द्यायच्या आतच भांडी घासायला बाई ठरवून मोकळ्या झाल्या.

काका वीज खात्यातून निवृत्त झाले होते. उभी नोकरी त्यांनी उंच मनोऱ्यांच्या, गुंगुं आवाज करणाऱ्या तारांखाली काढली. आणि नाद लागला तो अगदी उलटा. हौशी रेडिओवाल्यांचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता, भिंतीवर चौकटीत लावलेला होता. पण जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलण्यात त्यांना रस नव्हता. कमीत कमी ताकदीत, जवळच्या जवळ, किती पोचतं, एवढंच त्यांना बघायचं असे. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी छत्रीच्या काडीची एरियल बांधत ते मला समजावून सांगत.

"टॉर्चचा बल्ब पाहिला ना मॅडम? तो जेवढी वीज खाते, तिचा समजा शंभरावा हिस्सा. दहा मिलीवॅट. एवढ्याला सरकारची सूट आहे, कोणाला विचारायचं काम नाही. आता एवढुशा ताकदीत आवाज कुठवर जाईल सांगा?"

"कोपऱ्यापर्यंत?"

"मदनमहालच्या टेकडीवर ऐकला मी!" एवढं सांगताना त्यांचा आवाज मुलाला पहिला नंबर मिळाल्यासारखा व्हायचा.

घरातून एक लहानसं यंत्र दिवसभर तीच ती तीन अक्षरं तारखात्यातल्या मोर्स लिपीच्या टिकटिकीत पाठवत राही, आणि काका जेवणाच्या डब्यात रिसीव्हर घालून स्कूटरवर ते ऐकत गावभर फिरत. लोकांना वाटायचं, म्हातारा कुणाला तरी डबा पोचवतो. सगळं जबलपूर त्यांनी असं पालथं घातलं होतं. अधारतालच्या तलावाकाठी साफ येतं, रेल्वेच्या पुलाखाली मरतं, कमानिया गेटपाशी तर लोखंडी शटरं आणि तारांच्या गुंत्यात काहीच सापडत नाही. माझी शाखा कुठे आहे असं त्यांनी विचारलं आणि मी पत्ता सांगितला, तर म्हणाले, "तिथं दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीत येईल. खाली नाही येणार."

घरात मात्र काका जवळजवळ बोलतच नसत. सकाळचा चहा झाला की त्यांच्या खोलीत हेडफोन लावून बसत ते जेवायला उठत. काकूंचं बोलणं चालूच असे. दूधवाल्याशी, दारात येणाऱ्या गाईशी, जिन्यावर माझी चाहूल लागली की माझ्याशी. काकांशी बोलत तेव्हा उत्तर यायचं ते "हूं" एवढंच. काकूंचं त्यावाचून काही अडतही नसावं, असं मला तेव्हा वाटे.

एकदा दुपारी काकू धापा टाकत जिना चढून आल्या. रविवार होता. "चल गं पोरी, स्कूटर काढ. यांना पकडून नेलं." लष्करी छावणीच्या हद्दीजवळ एका लहानशा पुलियावर काका डबा उघडून, छत्रीची काडी उभी करून बसले होते. गस्तीच्या शिपायाने विचारलं, "डिब्बे में क्या है?" तर काकांनी खरं तेच सांगितलं, "दस मिलीवाट." झालं. पोलीस चौकीत बसवलं त्यांना. आम्ही पोचलो तेव्हा ते फौजदाराला कोणत्या पट्ट्यात किती ताकदीची सूट आहे हे नियमाच्या कलमासकट सांगत होते, आणि तो बिचारा आणखी आणखी घाबरत चालला होता.

मी बँकेचं ओळखपत्र पुढे केलं. त्याची गरजच पडली नाही. काकूंनी पदर खोचला.

"साहब, इस आदमी को मैं चालीस साल से देख रही हूँ। ये क्या जासूसी करेगा? इनसे घर का टपकता नल तो सुधरता नहीं। और ये छतरी मेरी है, पिछली बरसात से ढूँढ रही हूँ!"

चौकीतले सगळे हसले. फौजदाराने चहा मागवला. परतताना काकू माझ्या मागे बसून सगळा रस्ता बोलत होत्या, आणि काका पुढे त्यांच्या स्कूटरवर, डबा हँडलला अडकवून, एकटेच.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकूंचा घसा बसला. हळद-दूध झालं, गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. आवाज खरखरत गेला, घसा काही सुटेना. तंबाखूला ज्या बाईने कधी हात लावला नाही तिला डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं, आणि तिथे स्वरयंत्र काढावं लागलं. परत आल्या त्या गळ्यावर मऊ रुमाल बांधून. श्वास त्या रुमालाखालून यायचा. ओठ हलायचे, पण आवाज नाही.

खालचं घर एवढं शांत झालं की मला माझ्याच पंख्याचा आवाज टोचायला लागला. काकांनी त्यांना पाटी आणून दिली. काकूंना ती मुळीच आवडली नाही. एक तर बोलायचं तर काका समोर हवेत, आणि ते समोर आले तरी चष्मा शोधणार. तोवर बोलायची गोष्ट शिळी व्हायची. चिडल्या की त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा हाणत. मोबाइल होता, पण काचेवर बोटं फिरवायला त्यांना जमायचं नाही, आणि काकांचा मोबाइल तर कायम कपाटात.

मग एक दिवस काका जिन्यात भेटले. मी ऑफिसला निघाले होते. ते कठडा धरून उभे होते आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं.

"तिला येते," ते म्हणाले.

"काय येतं काका?"

"मोर्स. सगळं येते तिला."

त्यांनी ट्रंकेतून मोर्स वाजवायची जुनी पितळी कळ काढली होती. मोठमोठ्या अक्षरांत तक्ता तयार केला होता, टिंब लाल, रेघ निळी. तो काकूंपुढे ठेवून ते पहिलं अक्षर शिकवायला लागले. काकूंनी तक्ता बाजूला सारला, कळ पुढे ओढली आणि थोडं अडखळत, पण बिनचूक, इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द वाजवले.

"काय म्हणाल्या?"

"'तक्ता ठेवून दे.'"

लग्नानंतर काका जेव्हा मोर्स शिकत होते, तेव्हा एकेक अक्षर मोठ्याने म्हणायचे आणि मग ते वाजवायचे. त्यांनी ते रोज केलं, वर्षभर केलं. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता काकू ते ऐकत होत्या. पुढे काका अक्षरं म्हणायचे थांबले, टिकटिक चालू राहिली, आणि काकूंना ती कळत राहिली.

"कधी बोलली नाही बेटा," काका म्हणाले. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा बेटा म्हणाले. "मी विचारलं, काहून सांगितलं नाहीस? तर म्हणते, 'तू विचारलं कधी?'"

बोलता बोलता ते एकदम लाजल्यासारखे झाले. "ती मला तू म्हणून राहिली. 'तुम्ही' वाजवायला फार वेळ लागते ना."

गोळ्यांच्या डबीएवढं एक यंत्र काकूंच्या गळ्यात दोरीने आलं. त्याला एकच बटण. खिडकीत एक डबा, त्यातून वर माझ्या गच्चीवर गेलेली तार, आणि काकांच्या खिशात तसलंच दुसरं यंत्र, एका कानात ऐकायचं बोंडूक. मोठे हेडफोन खुंटीवर गेले. लांबचं ऐकायचं आता त्यांनी बंदच केलं.

त्या घरात इतकं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. सकाळी मी दात घासत असताना खाली खिडकीतल्या डब्यात टिकटिक सुरू व्हायची. काका अंगणात, काकू पलंगावर, आणि मधूनच काका एकटेच हसायचे. अधारतालच्या बाजारात ते मला दिसले होते एकदा. हातात वांगं, दुसरा हात वर करून भाजीवाल्याला थांबवलेलं, डोळे मिटलेले. मग डोळे उघडून म्हणाले, "भैया, बैंगन रहने दो। तोरई दे दो।" भाजीवाल्याला सवय झाली होती. तो म्हणाला, "माताजी ने मना किया?"

आता ते मदनमहालच्या टेकडीवर जात नव्हते. ग्वारीघाटला नर्मदेवर जाणं बंद झालं, कारण तिथे पोचत नव्हतं. सागरला पुतणीचं लग्न होतं, तिथेही गेले नाहीत. पूर्वी ते किती लांब पोचतं हे बघत फिरायचे. आता हिंडायचे ते कुठे तुटतं हे शोधायला. औषधांच्या दुकानाच्या आतल्या बाजूला तुटायचं, म्हणून दोन दिवस गच्चीवर चढून एरियल हलवत बसले. मला खालून ओरडून विचारायचे, "बेटा, तुझी साडी आडवी आली का?"

त्यांची मुलगी हैदराबादला असते. ती दिवाळीला आली, आणि आईच्या गळ्यातली ती डबी बघून तिचं डोकं फिरलं. मी फराळाचं ताट परत द्यायला खाली गेले होते, म्हणून मला सगळं ऐकावं लागलं.

"बाबा, ये क्या है? लोक काय म्हणतील? आईला चांगला टॅब घेऊन देते मी. मोठी अक्षरं असतात त्यात, ती टाइप करेल तर तो बोलून दाखवेल. बाईचा आवाज पण असतो. आणि मग माझ्याशीही बोलेल ना ती! या टिकटिकमध्ये मला काय समजणार?"

काकूंनी बटण दाबायला सुरुवात केली. काका ऐकत राहिले आणि सांगावं की नाही अशा विचारात पडले.

"काय म्हणते आई? सांगा ना."

"म्हणते, फोन लांबच्या माणसांसाठी असते."

मुलीने हातातली चकली ताटात ठेवली. "म्हणजे मी लांबची," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. काकू उठल्या, रुमाल सावरत तिच्यापाशी गेल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. बटण गळ्यात लोंबत होतं, पण त्याला त्यांनी हात लावला नाही. काका खिशातलं यंत्र बंद करून बाहेर ओसरीत येऊन बसले. मुलगी जाताना टॅब ठेवून गेली. काकूंनी नंतर तो शिकूनही घेतला, रोज संध्याकाळी मुलीला चार ओळी पाठवायच्या त्या. पण काकांसाठी नाही.

असं ते चांगलं चाललं होतं. मग दुखणं परत आलं. या वेळी छातीत. काकूंना घशातून रक्त पडायला लागलं, आणि नेपियर टाउनमधल्या एका दवाखान्यात त्यांना दाखल केलं. माझ्या शाखेपासून तो चालत जाण्याइतका जवळ, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी रोज जायची. पहिले काही दिवस त्या साध्या खोलीत होत्या आणि काका बाहेर औषधं आणायला गेले तरी टिकटिक चालू असे. मग त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. तरुण डॉक्टर काकूंच्या गळ्यातल्या डबीकडे बघून म्हणाला, "अंकल, अंदर कोई डिवाइस नहीं जाएगा।"

मला वाटलं, आता काका चौकीत दिलं तसं भाषण देतील. द्यावं असंही वाटलं. मीच पुढे होऊन म्हणाले, "डॉक्टरसाहब, इसकी पावर टॉर्च के बल्ब से भी बहुत कम है।"

काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "नाही बेटा. ते बरोबर सांगून राहिले. आत श्वासाची मशीन असते लोकांना लावलेली. मी असतो तर मीपण नसती दिली परवानगी." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ती दोरी काकूंच्या मानेतून काढून घेतली. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी बटणाकडे बोट केलं, मग स्वतःकडे. काकांनी मान हलवली, नाही म्हणून.

सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडायचे. एका संध्याकाळी काका मलाही घेऊन गेले. काकू नळ्यांच्या गुंत्यात डोळे मिटून पडल्या होत्या. काकांनी स्टूल ओढलं आणि आपला तळवा त्यांच्या हाताखाली सरकवला. थोड्या वेळाने काकूंचं एक बोट हललं. टेकलं, उचललं, जरा जास्त वेळ टेकलं. काका वाकून, डोळे मिटून बसले. बोट थांबायचं, पुन्हा चालू व्हायचं. मग काकांनी आपल्या बोटाने त्यांच्या मनगटावर उत्तर दिलं. नर्स पलीकडच्या पलंगापाशी काही लिहीत होती. तिला वाटलं असेल, म्हातारा बायकोचा हात चोळतोय.

वेळ संपली तेव्हा नर्सने आम्हाला बाहेर काढलं. जिन्यात मी विचारलं, "काय म्हणाल्या काकू?"

"गॅसचा नंबर लावला का विचारून राहिली होती."

"मग?"

"लावला म्हटलं. नव्हता लावला." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "आत्ता लावतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर ते बाकावर बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "आज बोलली नाही. नुसता हात धरून होती." त्यानंतरच्या पहाटे काकू गेल्या.

मुलगी आली, दिवस झाले, पाहुणे परतले. मुलीने काकांना हैदराबादला चला म्हणून खूप विनवलं. ते म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. काकूंची डबी त्यांनी देवघराच्या शेजारच्या खणात ठेवली, पण खिशातलं यंत्र आणि कानातलं बोंडूक तसंच राहिलं. समोरच्या बंगल्यात नवीन लोक आले होते. त्यांनी बिनवायरची घंटी लावली. तिथे कुणी आलं की काकांच्या कानात टिक व्हायचं. मी ओसरीत त्यांच्याशी बोलत बसलेली असायची आणि ते बोलता बोलता उठून उभे राहायचे, घराकडे तोंड करून. मग बसायचे.

"समोरची घंटी आहे," ते म्हणायचे. "मला माहीत आहे."

"मग बंद करून ठेवा ना काका."

"हो, करतो."

पण करत नव्हते.

उन्हाळा सरता सरता त्यांच्या खोलीत पुन्हा सोल्डरिंगच्या धुराचा वास यायला लागला. दवाखान्याच्या जिन्यात त्यांची एका माणसाशी ओळख झाली होती. कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत त्याचं बांगड्यांचं दुकान. त्याचंही काकूंसारखंच स्वरयंत्राचं ऑपरेशन झालेलं. दुकान खाली, घर वर. काकांनी त्याच्यासाठी एक जोडी बनवायला घेतली. त्याला मोर्स कुठून येणार, म्हणून सोपं केलं. चहा पाहिजे तर एकदा, जेवण तर दोनदा, वर बोलवायचं तर लांब एकदा, आणि पुढे हळूहळू अक्षरं. सगळं त्यांनी ठरवलं होतं. इतक्या दिवसांनी मी त्यांना झपाट्याने काम करताना बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. ते जाऊन यंत्र बसवून आले. आले ते खुशीत होते. "त्याची बायको फार समजदार आहे," म्हणाले. "एका दमात शिकली."

काही आठवड्यांनी ते म्हणाले, "बेटा, जरा बघून येऊ, कसं चाललं त्यांचं." सुट्टीचा दिवस होता. आम्ही ऑटो करून गेलो.

बांगडीवाला गल्ल्यापाशी बसला होता. गळ्यावर रुमाल, समोर लाखेच्या बांगड्यांचे चमकते ढीग. काकांना बघून तो उठला, हात जोडले, खुर्ची पुढे केली. काकांची नजर त्याच्या गळ्याकडे, मग खिशाकडे, मग गल्ल्याकडे गेली. डबी कुठेच नव्हती. त्याची बायको चहा घेऊन जिन्याने खाली आली.

"बेटी, मशीन बिगड़ गई क्या?" काकांनी विचारलं. "मैं ठीक कर देता हूँ, औज़ार लाया हूँ।"

"नहीं अंकलजी। मशीन तो बढ़िया है।" तिने कप ठेवले, पदर सारखा केला. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "आप बुरा मत मानिए। इतने प्यार से बनाई आपने। पर ये तो आवाज़ थी तब भी हमसे कहाँ बोलते थे।"

रागाने नाही, तक्रारीनेही नाही. पाऊस कमी झाला म्हणावं तसं ती म्हणाली. बांगडीवाल्याने मान वर केली नाही. तो हिरव्या बांगड्यांतून लाल बांगड्या वेगळ्या करत राहिला. काकांनी चहा पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला, "अच्छा, चलते हैं" म्हणाले. ती बाई यंत्रं परत द्यायला लागली तर घेतली नाहीत. "बच्चे खेल लेंगे," म्हणाले.

ऑटोत ते सगळा रस्ता बाहेर बघत होते. घरी आल्यावर आत न जाता ओसरीतल्या खुर्चीवर बसले. मी पाणी आणून दिलं. ते प्याले नाहीत.

"त्या बाईने खरं सांगितलं," ते म्हणाले. "माझंही तसंच होतं. मला वाटून राहिलं होतं का मी काही मोठं काम केलं. यंत्र बनवलं, तिला बोलतं केलं. अरे, ती तर बोलतच होती. चाळीस वर्षं बोलून राहिली होती. मी कानावर ते हेडफोन घालून बसायचो. तिचा गळा कापला तेव्हा मी ऐकायला लागलो."

"काका, असं नका म्हणू."

"एक सांगू? तिचा आवाज मला आठवत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "टिकटिक आठवते. तिचा हात कसा चालायचा, कोणत्या अक्षरावर अडायची, सगळं आठवते. आवाज नाही येत. पोरीने मोबाइलमधले व्हिडिओ दाखवले. बारशाचे, लग्नाचे. त्यात ती बोलते. मी ऐकलं. पण दुसरीच कोणी बाई बोलून राहिली असं वाटते. तू तर ऐकला होता ना तिचा आवाज? दीड-दोन वर्षं ऐकला. कसा होता?"

जाडसर होता, मी म्हणाले. वाक्याच्या शेवटी वर जायचा. हसताना मध्येच फाटायचा. ते ऐकत होते, पण त्याने काही होत नव्हतं, हे मला दिसत होतं. आवाज असा सांगता येत नाही. मग जे मी कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलून गेले.

"काका, रविवारी दुपारी काकू तुमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून पेपर वाचायच्या. मोठ्याने. मला वर ऐकू यायचं. मी एकदा विचारलंही होतं, तर म्हणाल्या, यांना वाचून दाखवते."

"मला?"

"हो."

"मी खोलीत असायचो तेव्हा?"

"हो काका."

समोरच्या बंगल्यात कुणीतरी आलं असावं. त्यांच्या कानात टिक झालं असणार, कारण त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी यंत्र बाहेर काढलं, त्याचा खटका खाली केला आणि ते खुर्चीखाली ठेवून दिलं. बोंडूक कानातून ओढून काढलं.

"काय वाचायची?"

"सगळंच. नळाला पाणी कधी येणार ते, सोन्याचा भाव, लग्नाच्या जाहिराती. आणि प्रत्येकावर काहीतरी बोलायच्या."

"काय बोलायची?"

सकाळचा पेपर ओसरीत तसाच पडला होता. मी तो उचलला. काकूंची नक्कल मी कधी केली नव्हती, आणि मला ती येत होती असंही नाही. पण मी त्या बसायच्या तशी उंबऱ्यावर बसले, पेपर डोळ्यांपासून लांब धरला, आणि त्यांच्यासारखा शेवट वर नेत हिंदीतली पहिली बातमी वाचली. अमुक वॉर्डात दोन दिवस पाणी नाही. आणि त्या म्हणाल्या असत्या तसं म्हणाले, "घ्या! म्हणजे टाकी भरून ठेवा आजच. पण भरणार कोण? मीच!"

काकांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते.

मी पेपर खाली घेतला. वाटलं, हे करायला नको होतं.

"काहून थांबलीस?" ते म्हणाले. "पुढे वाच."